युरोपातील किमान उत्पन्न: शिफारस की कायदा?

प्रश्न: युरोपीय संघाच्या परिषदेने जानेवारी २०२३ मध्ये पुरेशा किमान उत्पन्नाविषयी (म्हणजे जगण्यापुरते साधन नसलेल्यांना सरकारकडून मिळणाऱ्या आर्थिक मदतीविषयी) शिफारस संमत केली असतानाही गरिबीविरोधी संघटना बंधनकारक कायद्याचाच आग्रह का धरतात, हे कोणी समजावून सांगाल का?

पहिले उत्तर: शिफारस पाळली नाही म्हणून कोणत्याही सरकारला न्यायालयात उभे करता येत नाही. अशीच शिफारस १९९२ मध्येही झाली होती. तीस वर्षे उलटूनही अनेक देशांतील मदत दारिद्र्यरेषेखालीच राहिली, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

दुसरे उत्तर: सहमत आहे. २०१८ मध्ये याच मागणीसाठी कार्यकर्त्यांच्या बसगाड्या युरोपभर फिरल्या, आणि त्या मोहिमेत गरिबी सोसणारी माणसे स्वतः सहभागी होती, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. युरोपीय संघाच्या २०१७ च्या सामाजिक हक्कांच्या घोषणेत किमान उत्पन्नाचा हक्क नाही का?

पहिले उत्तर: आहे, वीसपैकी चौदावे तत्त्व तेच, मात्र तीही बंधनकारक नाही.