बर्फाखालच्या तळ्यात लोह भरपूर, मग फॉस्फेट शून्य कसं?

प्रश्न
तळं गोठलंय. बर्फ ४० सेंमी, वर वीतभर हिम. खोली ३ मीटर. विरघळलेला ऑक्सिजन बर्फालगत ११ मि.ग्रॅ./लि., तळाशी ०.५ च्याही खाली. तळाकडे सामू (pH) उतरतो, वाहकता (क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहण्याची क्षमता) वाढते. तळाच्या पाण्यात लोह खूप, फॉस्फेट जवळजवळ नाहीच. नमुने दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गाळले जातात. चूक कुठे?

प्रतिसाद १
ऑक्सिजनचे आकडे पटण्यासारखे आहेत. ४ अंशांचं पाणी सर्वात जड, ते तळाशी बसतं. त्याहून थंड वर राहतं. वारा लागत नाही, त्यामुळे ढवळणं बंद. ० अंशाला पाण्यात १४.६ मि.ग्रॅ./लि. ऑक्सिजन मावतो, म्हणजे शिदोरी मोठी. पण गाळातले जीवाणू ती खातात आणि वरून भर पडत नाही. त्याच श्वसनातून कार्बन डायऑक्साइड साठतो, सामू घसरतो. काचेसारख्या बर्फातून उजेड जातो, शेवाळ थोडा ऑक्सिजन करतं. वीतभर हिमाखाली तेही ठप्प.

वाहकतेचं म्हणाल तर गोठताना बर्फ क्षार बाहेर टाकतो. ४० सेंमी बर्फ म्हणजे साधारण ३७ सेंमी पाणी, तेव्हा उरलेल्या पाण्यात क्षार सुमारे १४ टक्के वाढतात. तळाशी त्याहून जास्त वाढ दिसली तर ती गाळातून आलेली.

प्रतिसाद २
फॉस्फेट बाटलीत हरवतंय. ऑक्सिजन संपला की गाळातलं लोह फेरस (विरघळणारं रूप) होऊन पाण्यात उतरतं, त्याला चिकटलेलं फॉस्फेटही सुटतं. बाटलीत हवा गेली की लोह फेरिक (न विरघळणारं रूप) होऊन तांबूस साका धरतं आणि फॉस्फेट परत त्यालाच चिकटतं. दुसऱ्या दिवशी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरवर दोन्ही अडकतात.

बर्फात पाडलेल्या भोकावरच पाणी गाळा: पंपाच्या नळीला थेट फिल्टर लावा, पहिलं थोडं पाणी सोडून द्या. लोहाच्या बाटलीत लगेच आम्ल, सामू २ च्या खाली. फॉस्फेटची बाटली काठोकाठ, बुडबुडा नको, आणि त्याच दिवशी मोजा.

सामूही तिथेच मोजा. पाणी खोलीत तापलं की कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू खोटा वर जातो. आणि भोक पाडताना ड्रिल वरखाली घुसळू नका, वरच्या थरात हवा मिसळते.

प्रश्नकर्ता
फिल्टर गंजाच्या रंगाचेच होते! जुने आकडे वाचतील?

प्रतिसाद २
विरघळलेल्या फॉस्फेटचे नाहीत. न गाळलेलं पाणी उरलं असेल तर बाटली हलवून, बुडाचा साका मिसळून, आम्लात पचवा (आम्लासोबत तापवून साका विरघळवा) आणि एकूण फॉस्फरस काढा.