मदत हवी आहे: डीप स्काय फोटोंसाठी एचईक्यू५ प्रो माउंट घ्यावा की एएम३? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

तेजोमेघ आणि दीर्घिकांच्या फोटोंसाठी इक्वेटोरियल माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारी बैठक) घ्यायचा आहे. पावसाळा संपायच्या आत ठरवायचंय, कारण ऑक्टोबरात देवयानी दीर्घिका रात्री चांगली वर येते आणि पाठोपाठ कृत्तिका, मृग, एकशृंगी असं सगळं रांगेनं सुरू होतं. तो हंगाम या वर्षी हातचा जाऊ द्यायचा नाही. बजेट पावणेदोन लाख, फारच गरज पडली तर थोडं वर.

माझ्याकडे स्काय-वॉचरची ७२ ईडी दुर्बीण आहे, फोकल लेंग्थ ४२० मिमी. कॅमेरा कॅनन २००डी. गाइडस्कोप आणि गाइड कॅमेरा (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारणारी, म्हणजे गाइडिंगची जोडी), दव-हीटर आणि रिंगा धरून सगळं चार किलोच्या आसपास जातं. आतापर्यंत छोट्या ट्रॅकरवर ५० मिमीची लेन्स लावून आकाशगंगा टिपत आलोय. ट्रॅकर त्या कामाला उत्तम आहे, पण आता रोझेट आणि अश्वमुख तेजोमेघ जवळून घ्यायचे आहेत.

गणित करून पाहिलं. या कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७२ मायक्रॉनचा, म्हणजे ४२० मिमीवर एका पिक्सेलमध्ये साधारण १.८ आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) आकाश येतं. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं. म्हणजे माउंट बंद असेल तर खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा एका सेकंदात आठ पिक्सेल पुढे जातो, आणि मला तर तीन-तीन, पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम हव्यात. मृगाचा पट्टा नेमका खगोलीय विषुववृत्तावर असल्यानं तिथे ट्रॅकिंगची चूक सगळ्यात जास्त दिसणार. गाइडिंगचा आरएमएस (सरासरी चूक) एक आर्कसेकंदाच्या खाली राहिला तर तारे गोल येतील असा माझा हिशेब आहे. हे गणित पटल्यामुळेच दुर्बीण बदलायचा विचार सोडून सगळा पैसा माउंटवर घालायचं ठरवलं. (ऑल्ट-ॲझ गोटू, म्हणजे वर-खाली आणि आडवा फिरणारा माउंट, सुचवू नका; फील्ड रोटेशनमुळे, म्हणजे चित्र गोल फिरत गेल्यानं, लांब एक्स्पोजरला तो उपयोगाचा नाही.)

स्काय-वॉचरचा छोटा माउंट स्टार ॲडव्हेंचरर जीटीआय आधी यादीत होता. त्याची क्षमता ५ किलोची आणि माझं सामान आताच ४. शिवाय दोन वर्षांत १५० मिमीची, ७५० फोकल लेंग्थची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) घ्यायची इच्छा आहे. तिच्यासकट वजन आठ किलोला टेकेल आणि पिक्सेल स्केल जवळजवळ एक आर्कसेकंदावर येईल. म्हणून जीटीआय बाद. दुसऱ्या टोकाला स्काय-वॉचरचाच मोठा माउंट ईक्यू६-आर: २० किलोची क्षमता, बेल्ट ड्राइव्ह, सगळं मान्य. पण त्याचं नुसतं हेडच १७ किलोंच्या वर आहे आणि माझी गच्ची तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

उरले दोन.

एचईक्यू५ प्रो जुना, पारखलेला. वर्म गिअरचा एक फेरा ६३८ सेकंदांचा, म्हणजे चूक साडेदहा मिनिटांवर पसरलेली आणि गाइडिंगला निस्तरायला सोपी. नंतर बेल्ट किट बसवून बॅकलॅशही (गिअरमधली ढिलाई) कमी करता येतो. पण हेड दहा किलोचं, पाच-पाच किलोची दोन काउंटरवेट (तोल राखणारी वजनं) आणि वर स्टीलचा ट्रायपॉड. जिन्यानं दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या.

झेडडब्ल्यूओचा एएम३ हार्मोनिक ड्राइव्हचा (लवचीक गिअरचा). वजन ३.९ किलो, काउंटरवेटशिवाय ८ किलो पेलतो, काउंटरवेट लावलं तर १३. एका सॅकमध्ये मावेल. मात्र त्याची पीरियॉडिक एरर (गिअरच्या दर फेऱ्यात परतणारी चूक) मोठी असते आणि गाइडिंगशिवाय तो चालतच नाही. गाइड एक्स्पोजर अर्ध्या-एक सेकंदाचं ठेवावं लागतं म्हणतात. एवढ्या कमी वेळात गाइड तारा नीट मिळतो का, विशेषतः शहरातल्या उजळ आकाशात? हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न आपल्या अक्षांशाचा, आणि याच्यावर परदेशी व्हिडिओंमध्ये काहीच मिळत नाही. तिकडची मंडळी ४०-५० अंशांवर बसून बोलतात. कोल्हापूर १६.७ अंशांवर आहे, त्यामुळे आरए ॲक्सिस (माउंटचा ध्रुवाकडे रोखलेला अक्ष) जवळजवळ आडवा होतो. काउंटरवेटचा दांडा थेट खाली लोंबतो आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला घासू शकतो. वजनाचा भारही उत्तरेकडे झुकतो. एचईक्यू५ वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: तुम्ही पिअर एक्स्टेन्शन (ट्रायपॉड आणि हेडच्या मधला उंची वाढवणारा खांब) लावलंय का? एक पाय नेमका उत्तरेला ठेवणं पुरतं का? आणि इतक्या खालच्या अक्षांशावर अल्टिट्यूडचे (अक्षाचा कल बदलणारे) बोल्ट फिरवताना अडकतात का? याच अक्षांशामुळे ओमेगा सेंटॉरी हा दक्षिणेकडचा तारकागुच्छ आपल्याला २५ अंशांपर्यंत वर मिळतो, युरोपात बहुतेकांना तो दिसतही नाही. म्हणून दक्षिणेला खाली झुकलेल्या दुर्बिणीचा कॅमेरा किंवा केबल कुठे अडकते का, तेही जाणून घ्यायचंय.

तिसरी गोष्ट पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष नेमका ध्रुवाकडे रोखणं. ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर, म्हणजे धुरक्यात. माझ्या गच्चीवरून तर तो शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे जातो. पोलरस्कोप निरुपयोगी. नीना या फोटोग्राफीच्या सॉफ्टवेअरमधलं थ्री-पॉइंट पोलर अलाइनमेंट ध्रुवतारा न दिसताही होतं, मी तेच वापरणार आहे. आकाशाच्या कोणत्या भागातून केल्यावर ते नेमकं येतं? मध्यमंडलाजवळून (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळून) की पूर्वेकडून?

अंधाऱ्या आकाशासाठी मी मसाई पठारावर जातो. तिथे वारा असतो, हिवाळ्यातही. माझी खरी धाकधूक इथे आहे. काउंटरवेट नसलेला हार्मोनिक माउंट, त्यावर पुढेमागे न्यूटोनियनची लांब नळी, आणि खाली हलका कार्बन फायबरचा ट्रायपॉड. दुर्बीण पूर्वेला किंवा पश्चिमेला झुकली की गुरुत्वमध्य पायांच्या बाहेर जायची भीती. खाली दगडांची पिशवी टांगतात हे वाचलंय. पण उघड्या माळावर न्यूटोनियन लावून एएम३ किंवा आयऑप्ट्रॉनचा तसलाच हार्मोनिक माउंट एचईएम२७ प्रत्यक्ष वापरलेलं कुणी आहे का? तुमचा वाऱ्यातला पीएचडी२चा (गाइडिंगच्या सॉफ्टवेअरचा) ग्राफ इथे टाकलात तर फार मदत होईल. निवांत रात्रीचे सुंदर ग्राफ सगळीकडे मिळतात, मला वाईट रात्रीचा हवा आहे.

दुरुस्तीचंही सांगा. वर्म गिअर मी स्वतः उघडून ग्रीस करू शकेन, नळ्या-गिअर हाताळायची सवय आहे. हार्मोनिक ड्राइव्ह सीलबंद असतो. वॉरंटी संपल्यावर तो बिघडला तर भारतात कुणी हात लावतं का, की परत बाहेर पाठवून पुन्हा सीमाशुल्क भरायचं?

आज निवडायचं झालं तर मी एचईक्यू५ कडे झुकतोय. वजन उचलायची तयारी आहे, ग्राफ सपाट राहिला पाहिजे. पण इथल्या एका जुन्या धाग्यात "जड माउंट कपाटात राहतो, हलका आकाशाखाली जातो" असा अनुभव वाचला आणि तो डोक्यातून जात नाही. जड माउंट घेऊन दोन-तीन वर्षांनीही नेमानं बाहेर काढणाऱ्यांनी मुद्दाम लिहा.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव, साताऱ्याकडे कुणाकडे यातलं काही असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अमावास्येच्या आसपास माझी दुर्बीण आणि बॅटरी घेऊन येईन, तासभर लावून पाहू.