आईच्या आयुष्मान कार्डसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमच्या पुण्यातल्या प्रभागाच्या ग्रुपवर नगरसेविका ताईंचा मेसेज आलाय, रविवारी मंदिराच्या हॉलमध्ये सत्तरीच्या पुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून देणारेत, ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही, आधार घेऊन या. मधली जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते तेव्हा असलं काही कळायचंच नाही, म्हणून खरंच बरं वाटलं.

पण आईच्या बोटांचे ठसे भांडी घासून घासून पार गुळगुळीत झालेत, रेशनच्या मशीनवर पदराला अंगठा पुसून तीनदा लावला तरी येत नाही, आणि आधारला नंबर वडिलांचा, ते गेल्यावर बंद झालेला, मग ओटीपी येणार कुठे? चेहरा स्कॅन करून कोणाचं झालंय का, की आधी आधार केंद्रात नंबर बदलून घेऊ? तीन जिने उतरवून तिला रिकाम्या हाताने परत आणायचं जिवावर येतं हो. प्लीज रविवारच्या आत सांगा.