मदत हवी आहे : मान्यताच नाही, तर जपानने तैवानशी करार केला तरी कसा?

चौकस
परवा मला एका परिसंवादात निबंध सादर करायचा आहे आणि मी एकाच मुद्द्यावर अडकलो आहे. जपान तैवानच्या सरकारला मान्यता देत नाही, आणि त्या बेटांवर तर दोघेही हक्क सांगतात. मग हा करार कायद्याच्या दृष्टीने कोणी कोणाशी केला? त्यावर सही करून तैवानने आपला दावा सौम्य केला, असे म्हणता येईल का? ‘तैवानची स्थिती गुंतागुंतीची आहे’ असली उत्तरे कृपया देऊ नयेत; तेवढे मलाही ठाऊक आहे.

सागरवेध
करार कोणता, ते आधी सांगा. १९५२ चा तैपेई शांतता करार रीतसर दोन सरकारांमधला होता. १९७२ मध्ये जपानने बीजिंगला मान्यता दिली आणि तो निकालात निघाला. २०११ मध्ये गुंतवणुकीचा करार झाला. मासेमारीचा आणखी वेगळा. बेटे तरी कोणती?

चौकस
मासेमारीचाच, एप्रिल २०१३ चा. बेटे म्हणजे जपानची सेनकाकू, तैवानची दियाओयुताई. प्रश्नावरून हे उघड आहे असे मला वाटले होते.

मध्यरेषा
उघड मुळीच नव्हते, पण असो. करारावर सह्या सरकारांच्या नाहीत. १९७२ मध्ये संबंध तुटल्यावर दोन्ही बाजूंनी कागदोपत्री बिगरसरकारी अशा संस्था उभारल्या. दूतावासाची बहुतेक कामे त्याच करतात, आणि हा करारही त्यांच्यातच झाला. बेटांवर मालकी कोणाची, याविषयी करार बोलत नाही. बेटांभोवतालचे बारा सागरी मैलांचे पाणी त्यातून वगळले आहे, आणि सागरी कायद्याविषयीच्या कोणत्याही बाजूच्या भूमिकेला या करारामुळे बाध येणार नाही, असे कलमही त्यात आहे. त्यामुळे दावा सौम्य झाला असे कायद्याने म्हणता येत नाही. तो बाजूला ठेवून मासे तेवढे वाटून घेतले.

रोखठोक
हे सगळे शब्दांचे खेळ आहेत. मान्यता देणारी राष्ट्रे टिकवणे हाच खरा उपाय आहे. डिसेंबर २०२१ मध्ये निकाराग्वा गेला, मार्च २०२३ मध्ये होंडुरास, जानेवारी २०२४ मध्ये नाउरू, आणि व्हॅटिकन धरून बाराच उरले. त्यांना मदतीचा ओघ वाढवला असता तर ही वेळ आली नसती.

मध्यरेषा
नाउरूच्या मान्यतेने एका तरी तैवानी मच्छीमाराला जाळे टाकायला पाणी मिळाले असते का? अमेरिकेने १९७९ मध्ये मान्यता काढून घेतली, पण त्याच वर्षी तैवान संबंध कायदा केला, आणि शस्त्रविक्री आजही चालू आहे. मान्यता आणि उपयोग यांची गल्लत करू नका.

रोखठोक
आणि संयुक्त राष्ट्रांत तैवानच्या बाजूने कोण बोलते? तुमच्या बिगरसरकारी संस्था?

क्रीडाप्रेमी
नावाचा वाद ऑलिंपिकमध्ये १९८१ मध्येच मिटला. तेव्हापासून तैवानचे खेळाडू ‘चायनीज तैपेई’ या नावाने आणि वेगळ्या ध्वजाखाली उतरतात. निबंधाची सुरुवात इथूनच करावी.

चौकस
ऑलिंपिक मी विचारलेले नाही. माझा प्रश्न पुढचा आहे : मालकीचा प्रश्न तसाच राहणार असेल, तर जपान तयार तरी का झाला?

सागरवेध
तारखा पाहा. सप्टेंबर २०१२ मध्ये जपान सरकारने त्यांतील तीन बेटे खाजगी मालकाकडून विकत घेतली. चीनमध्ये निदर्शने उसळली, आणि तैवानच्या मासेमारी नौका आपल्या तटरक्षक दलासह बेटांजवळ गेल्या, तेव्हा दोन्ही बाजूंच्या गस्ती नौकांनी एकमेकांवर पाण्याचे फवारे मारले. या प्रश्नावर तैपेई आणि बीजिंग एकत्र येणे टोकियोला नको होते. तैवानचे अध्यक्ष मा यिंग-जिओ यांनी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे महिनाभर आधी, पूर्व चीन समुद्र शांतता प्रस्ताव (वाद बाजूला ठेवून साधनसंपत्ती वाटून घेण्याचा) मांडून वाट मोकळी ठेवली होती. १९९६ पासून रखडलेली बोलणी मग काही महिन्यांत उरकली. किंमत मात्र जपानच्याच ओकिनावा बेटांवरील मच्छीमारांनी मोजली. आपल्याला न विचारता पाणी देऊन टाकले, ही त्यांची तक्रार होती. निबंधात त्यांना वगळू नका.

किनारपट्टी
फिलिपिन्सचे उदाहरणही घ्या. मे २०१३ मध्ये त्यांच्या तटरक्षकांच्या गोळीबारात एक तैवानी मच्छीमार मरण पावला. तैवानने पहिली दिलगिरी अपुरी ठरवली आणि नव्या फिलिपिनो कामगारांना घेणे थांबवले. ऑगस्टमध्ये मनिलाच्या बिगरसरकारी कार्यालयाचे प्रमुख राष्ट्राध्यक्षांचे वैयक्तिक प्रतिनिधी म्हणून तैवानला गेले आणि त्यांनी कुटुंबाची माफी मागितली. मान्यता न देताही ती सरकारचीच माफी ठरली. २०१५ मध्ये मासेमारीविषयक कायद्याच्या अंमलबजावणीचा करारही झाला.

रोखठोक
म्हणजे मान्यता असती, तर माफी चार दिवसांत मिळाली असती.

मध्यरेषा
चीनला मान्यता देऊनही फिलिपिन्सला दक्षिण चीन समुद्रात काय मिळते आहे, तेही सांगा. त्या समुद्राबाबत फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या दाव्यातला २०१६ चा लवादाचा निकाल बीजिंगने मानला नाही. तैवानच्या ताब्यातील तिथले ताइपिंग बेट त्याच निकालाने ‘खडक’ ठरले (म्हणजे भोवती दोनशे मैलांच्या पाण्यावर हक्क नाही), म्हणून तैपेईनेही मानला नाही.

चौकस
हे उपयोगी आहे. वगळलेल्या बारा मैलांत तैवानी नौका गेली, तर करारानुसार काय होते?

मध्यरेषा
करारानुसार काहीच होत नाही, कारण ते पाणी करारात नाही. तिथे जपानची गस्ती नौका तिला हुसकावते आणि तैवान निषेध नोंदवतो.