बेंगलोरला इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागलीय, राहायचं कुठं?

येळ्ळूरकर:
नमस्कार मंडळी. मी येळ्ळूरचा, शिक्षण सगळं बेळगावातच झालं, आता बेंगलोरला इलेक्ट्रॉनिक सिटी फेज 1 मध्ये नोकरी लागलीय, पुढच्या 1 तारखेला जॉईन व्हायचंय. आठवड्यातनं तीन दिवस ऑफिसला यायलाच पाहिजे म्हणालेत. माझा मावसभाऊ यशवंतपूरला राहतोय, त्याच्या रूमवर एक जागा रिकामी होतेय, भाडं अर्धं अर्धं. आई म्हणतेय त्याच्याकडंच राहा, आपलं माणूस आहे, आजारी पडलास तर कोण बघणार. ऑफिसची पोरं म्हणतायत तिथंच निलाद्री रोडला पीजी घे, म्हणजे राहणं-जेवण एकत्र असलेली भाड्याची खोली, चालत ऑफिस. मी बेंगलोर बघितलंय ते दोनदा, तेही बसमधनं उतरून कामापुरतं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे बाबांचं गेल्या वर्षी हार्टचं ऑपरेशन झालंय, दोन आठवड्यातनं एकदा तरी मला घरी यायलाच पाहिजे, भात कापणीला तर सलग चार दिवस. कन्नड येतं, पण आपलं बाजारात बोलण्याइतकं. तिकडं राहिलेलं कुणी असेल तर खरं खरं सांगा.

अनगोळचा दादा:
अभिनंदन रे. मी 11 वर्षं झाली इथं, पाच घरं बदलली, त्यातली तीन चुकलीच म्हणायची. आधी मावसभावाकडचं बोलू. पूर्वी मी सरळ नको म्हणालो असतो, यशवंतपूर शहराच्या एका टोकाला आणि तुझं ऑफिस दुसऱ्या टोकाला, मधे सिल्क बोर्डचा चौक, तिथं बसमध्ये बसून मी पावसाळ्यात रडकुंडीला आलेलो आहे. पण ऑगस्ट 2025 मध्ये यलो लाईन मेट्रो सुरू झाली, आर व्ही रोडपासनं बोम्मसंद्रपर्यंत, 16 स्टेशनं, इलेक्ट्रॉनिक सिटी त्यातच येते. यशवंतपूर ग्रीन लाईनवर आहे, म्हणजे आर व्ही रोडला एकदा गाडी बदलली की झालं. तरी दारापासनं दारापर्यंत दीड तास धरच, जाऊन येऊन तीन तास, आणि ऑफिसवाले तीन दिवसाचे पाच दिवस कधी करतील सांगता येत नाही.

म्हणून माझं मत असं की आर व्ही रोड हा तुझा खुंटा धर आणि त्याच्या आसपास बघ. जयनगरला भाडं परवडणार नाही, पण त्याच्या पुढं बनशंकरी, जे पी नगर, यलचेनहळ्ळी, कोणनकुंटे क्रॉस ही सगळी ग्रीन लाईनवरचीच स्टेशनं. ऑफिसला जाताना थोडं मागं येऊन आर व्ही रोडला बदलायचं. आणि गावाकडं जायचं झालं तर त्याच ग्रीन लाईननं न बदलता मॅजेस्टिक, म्हणजे मेन स्टेशन आणि बसस्टँड, किंवा यशवंतपूर. तू दोन आठवड्याला येणार म्हणतोस म्हणून हे जास्त महत्त्वाचं, कारण शुक्रवारी संध्याकाळी बॅग घेऊन रिक्षानं शहर पार करायचं म्हणजे गाडी चुकलीच समज. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्री सुटते, यशवंतपूरलाही थांबते, सकाळी बेळगाव. शुक्रवारचं तिकीट शेवटच्या क्षणी मिळत नाही, आधीच काढून ठेवायचं. नाहीच मिळालं तर तुमकूर रोडच्या बाजूला गोरगुंटेपाळ्याला बेळगावच्या बसेस मिळतात, तेही मेट्रोवरच आहे.

निपाणीची:
मी दोन वर्षं निलाद्री रोडच्या पीजीत होते म्हणून सांगते. ऑफिस खरंच चालत, सकाळी झोप मिळते, सुरुवातीला ते सुख वाटतं. पण शनिवार-रविवारी ती जागा अगदी ओकीबोकी वाटते हो, ऑफिसं बंद आणि आपल्या ओळखीचं कुणी नाही. पीजीतलं सांबार-भात खाऊन खाऊन आईनं दिलेली लसणाची चटणी मी चमच्यानं मोजून खायचे. तरीही मी म्हणेन येळ्ळूरकर, पहिला महिना पीजीच घ्या, महिन्याच्या बोलीवर. लांबून कुणालाच घर ठरवता येत नाही. महिनाभरात टीम कशी आहे, सुटायची वेळ काय, मॅनेजर कसा हे कळतं, मग घर बघा.

आणि घर बघताना पहिला प्रश्न पाण्याचा विचारा, भाड्याचा नंतर. आपल्याला राकसकोप नाहीतर हिडकलचं पाणी नळाला येतंय, आपल्या डोक्यात हे येतच नाही. तिथं कावेरीचं पाणी आहे की नुसती बोअर, हे विचारायलाच लागतं. 2024 च्या उन्हाळ्यात बोअर आटल्या तेव्हा आमच्या पीजीत अंघोळीला एक बादली ठरवून दिलेली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, शहरात नंतर सामील केलेल्या 110 गावांसाठी, पण तुमच्या गल्लीत, तुमच्या बिल्डिंगला कनेक्शन आहे का ते खालच्या वॉचमनला विचारा, मालकाला नको. आणि एकदा मोठा पाऊस पडून गेल्यावर त्या रस्त्यानं चालून बघा.

खानापूरकर:
एवढं सगळं करण्यापेक्षा पुण्याला बघ की भावा. मराठी माणसं, मराठी पाट्या, स्वारगेटला बसलास की सरळ बेळगाव.

येळ्ळूरकर:
पुण्याला दोन वर्षं प्रयत्न केला हो, बोलावणंच आलं नाही. आता हातात आहे ते सोडू शकत नाही, बाबांच्या औषधाचा खर्च आहे.

शहापूरचा:
त्याला नोकरी तिथं लागलीय तर तिथलंच सांगूया की ओ. भावा, कन्नडचं टेन्शन घेऊ नको, तुला येतंय त्यावर भागतं, उलट फायदाच होतो. 'या' म्हणायला आपण 'बर्री' म्हणतो, तिथले 'बन्नी' म्हणतात, सुरुवातीला ते आपल्याकडं बघतात, मग विचारतात हुबळी साईडचे का. बेळगाव म्हटलं की कुंद्याचं विचारतात. माझ्या घरमालकिणीला मी येताना अर्धा किलो कुंदा आणायचो, त्या माऊलीनं मला ताप आला तेव्हा तीन दिवस तांदळाची गंजी, म्हणजे पेज, करून दिली. घरी मराठी बोलतो, तिच्याशी कन्नड, कधी कुणाला खटकलं नाही.

पण त्याच्या आधीच्या घरात मी पोळलोय. इथं डिपॉझिट जबर मागतात, जुनी पद्धत दहा महिन्यांच्या भाड्याची होती, आता पाच-सहा वर येतात, घासाघीस कर. सोडताना पेंटिंगचं म्हणून एक महिन्याचं भाडं कापतात हे सर्रास, पण माझ्या त्या मालकानं भिंतीचे डाग, नळ, बल्ब असं करत निम्मं डिपॉझिट ठेवून घेतलं, आणि ते पैसे वडिलांनी सोसायटीतनं कर्ज काढून दिलेले. घरात शिरायच्या दिवशीच प्रत्येक भिंतीचा, नळाचा व्हिडिओ काढून मालकाला पाठव. 11 महिन्यांच्या करारात किती कापणार ते आकड्यात लिहून घे. लाजू नको, मी लाजलो.

अनगोळचा दादा:
हे बरोबर. आणि वंदे भारतचं सांगायचं राहिलं, बेळगावातनं पहाटे सुटते, साडेआठ तासात बेंगलोर. महाग आहे, पण बाबांना तपासणीला आणायचं झालं तर रात्रभर हेलकावे खाण्यापेक्षा तीच बरी. त्यांना जिना चढायला लागणार नाही असं घर बघ, तळमजला नाहीतर लिफ्ट. ते कधीतरी येतीलच की तुझ्याकडं राहायला.

येळ्ळूरकर:
जिन्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं दादा. आत्ता आईला वाचून दाखवलं सगळं. असं ठरवलंय की पहिला महिना पीजी, शनिवार-रविवारी मावसभावाकडं जेवायला, आणि त्यालाच बरोबर घेऊन यलचेनहळ्ळीकडं घरं बघायची, त्यालाही बदलायचंय म्हणाला. 30 तारखेचं राणी चन्नम्माचं तिकीट काढलं. त्या बाजूला बेळगावकडच्या कुणाची तळमजल्याची रूम रिकामी होणार असेल तर इथंच कळवा, आम्ही दोघं आहोत, दोघंही स्वयंपाक करतो.