साडेसहा महिन्यांच्या बाळाला डाळ, अंडं, शेंगदाणा कसं सुरू करू? एक्झिमा आहे

पिल्लूची_आई, मनीष नगर
लेकीचं उष्टावण मागच्या आठवड्यात झालं. तिला तिसऱ्या महिन्यापासून गालावर न् कोपराच्या खाचेत एक्झिमा आहे, रात्री खाजवून खाजवून रक्त काढते. मागे एकदा डब्याचं दूध पाजलं तर १५-२० मिनिटांत तोंडाभोवती लाल गांधी उठल्या आणि भडभडा उलटी झाली, तेव्हापासून फक्त अंगावरचं चालू आहे. आता सासूबाई म्हणून राहिल्या की वर्षभर नुसतं वरणाचं पाणी दे, अंडं-शेंगदाण्याचं नाव काढू नको आणि दूध हवंच तर शेळीचं दे. मला भीतीच वाटून राहिली, वजनही कमी भरतंय. काय करू?

दोन_लेकरांची_माय
अगं आधी शेळीचं दूध राहू दे! गाईच्या दुधातलं आणि शेळीच्या दुधातलं प्रोटीन इतकं सारखं असतं की एकाची ॲलर्जी असली तर बहुतेक लेकरांना दुसऱ्याचीही निघते. माझ्या मोठ्याच्या वेळी आम्ही हेच केलं, पुन्हा तसंच अंग भरून आलं. दही, पनीर पण सध्या नको आणि पाकिटातल्या सिरियलमागचं लेबल वाच, बऱ्याच पाकिटांत दुधाची पावडर असते.
आणि वरणाच्या पाण्यात असतं काय गं, सगळं खाली डाळीत राहून जातं. मुगाची डाळ गाळ शिजवून घोटायची, चमचा आडवा केला तरी पटकन ओघळू नये इतकी घट्ट, वरून थेंबभर तेल. तूप नको, त्यात दुधाचा अंश राहू शकतो.

धरमपेठकर
मी बालरोग विभागात नर्स आहे. उशिरा दिलं की ॲलर्जी टळते, असं पूर्वी सांगायचे, आता नाही. लंडनमध्ये ६४० बाळांवर अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला, सगळी एक्झिमा जास्त असलेली किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. ज्यांना वर्षाच्या आत शेंगदाणा सुरू करून चालू ठेवला त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी जवळजवळ ८० टक्क्यांनी कमी होती. पण ताई, त्या बाळांची आधी स्किन टेस्ट केली होती. तुमच्या लेकीला रिॲक्शन आलेली आहे, एक्झिमाही बराच दिसतो, म्हणून अंडं आणि शेंगदाणा घरी स्वतःहून चाखवू नका, आधी डॉक्टरांना विचारा. डाळ सुरू करा, फक्त एका वेळी एकच नवीन पदार्थ, सकाळी, अर्धा चमचा, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं, दोन-तीन दिवस तोच. ती सर्दी-तापात असताना नवीन काही नको. आणि नंतरही अख्खा दाणा कधीच नाही, श्वासनलिकेत अडकतो, बारीक पूड डाळीत कालवूनच.
ओठ-डोळे सुजले, श्वासाला आवाज यायला लागला किंवा लेकरू एकदम मलूल पडलं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच १०८.

दोन_लेकरांची_माय
अन् गांधी उठल्या की आधी फोटो काढ, दवाखान्यात पोचेपर्यंत मावळून जातात, मग डॉक्टरला दाखवणार काय.

पिल्लूची_आई, मनीष नगर
सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, शेळीच्या दुधाचं त्यांनी आपणहून सोडलं. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली आहे. आज सकाळी मुगाची डाळ दिली, दोन चमचे खाल्ली, तिसरा थुंकला. आता संध्याकाळचे सहा, अंगावर काही नाही.