हिरोइनी सर्जरी लपवतात याचा राग यावा का? मुलीला काय सांगू?

कारेलीबागची आई
लिहू की नको करत होते, पण इथे आपलीच माणसं आहेत म्हणून लिहिते.

माझी मुलगी २० वर्षांची, इथे बडोद्यात एमएस युनिव्हर्सिटीत सेकंड इयरला आहे. दोन महिने झाले एकच चाललंय, वरचा ओठ पातळ आहे म्हणून फिलर (ओठ भरीव करायचं इंजेक्शन) करायचं आणि ते पण नवरात्रीच्या आत, म्हणजे गरब्याच्या फोटोत दिसेल. मोबाइलमधे फोल्डर आहे, नाव 'ओठ', त्यात एकाच हिरोइनीचे चाळीसेक फोटो. रात्री दोन बोटांनी एकेक फोटो मोठा करते, मग सेल्फी कॅमेरा लावून स्वतःचा ओठ बोटाने वर ओढून धरते आणि बघत बसते. मी दारात उभी असते ते तिला कळत पण नाही. पोटात तुटतं हो.

मी म्हटलं अगं ते ओठ तिचे जन्माचे नाहीत, पाच वर्षांपूर्वीचे फोटो काढून बघ. तर म्हणते, नाही आई, तिने इंटरव्ह्यूमधे सांगितलंय काहीच केलेलं नाही, पाणी भरपूर पिते आणि घरचं तूप लावते. "तिला देवाने दिलेत, मला नाही दिले, म्हणून मला करावं लागतंय." हे ऐकल्यापासून मला त्या बाईचा फार राग येतोय. तिने केलं त्याचा नाही, नाही म्हणून सांगितलं त्याचा. माझं चुकतंय का? आणि वर परत मासिकातले फोटो, त्यात तर काय काय पुसलेलं असतं कोण जाणे.

दांडियाबाजार
ताई, पुसण्याबद्दल मी सांगतो कारण आमच्या घरात तीस वर्षं तेच काम होतं. वडिलांचा स्टुडिओ होता आणि रीटचिंग ते स्वतः करायचे, कॉम्प्युटर नव्हता तेव्हा. तिरक्या डेस्कमधे दुधी काच, खाली आरसा, आरशावरून खिडकीचा उजेड वर येणार, काचेवर निगेटिव्ह. पेन्सिल पॉलिशपेपरवर घासून घासून सुईसारखी करायची आणि मग चेहऱ्यावर बारीक बारीक स्वल्पविरामासारखी टिंबं. सुरकुती फोटोत काळी म्हणजे निगेटिव्हमधे ती जागा पारदर्शक, तिथे पेन्सिल भरली की छापताना सुरकुती गायब. मुरूम, देवीचे वण, डोळ्याखालचं काळं, सगळं असंच जायचं. स्थळाला पाठवायचा फोटो रीटच न करता कुणी नेतच नव्हतं.

पण बाबांचा एक नियम होता, तीळ काढायचा नाही. पाव्हणे उद्या घरी येऊन समोर बसणार, तीळ नाही दिसला तर ती मुलगी दुसरीच झाली ना, असं म्हणायचे. एकदा एका आईने फार आग्रह केला तर ॲडव्हान्स परत दिला त्यांनी. म्हणजे फोटो सुधारणं तेव्हाही होतं, फक्त तो बघणारा माणूस नंतर खरा चेहरा बघणार हे माहीत होतं. मासिकातल्या बाईला आपली पोरगी कधीच समोरासमोर बघणार नाही, मग थांबणार कोण आणि कुठे?

आणि पुष्कळदा त्या बाईला विचारत पण नाहीत. 'टायटॅनिक'वाल्या केट विन्स्लेटचे २००३ मधे जीक्यू मासिकाच्या कव्हरवर पाय बारीक करून टाकले, तिने जाहीर सांगितलं की मी अशी दिसत नाही आणि मला दिसायचं पण नाही. हॉलीवूडच्या झेंडाया नावाच्या हिरोइनीने २०१५ मधे मासिकाने बदललेला फोटो आणि मूळ फोटो दोन्ही शेजारी शेजारी इन्स्टावर टाकले, तेव्हा ती १९ वर्षांची होती. मुलीला ते दोन फोटो दाखवा, आपण तासभर बोलण्यापेक्षा बरं.

रावपुऱ्याची सून
मी थोडं उलट बोलते, रागावू नका. बायकांना दोन्हीकडून मार आहे, सुरकुत्या दिसल्या तर म्हातारी झाली आणि काही केलं तर प्लास्टिक. प्रियांका चोप्राचंच बघा, नाकात पॉलिप (मांसाची वाढ) होता म्हणून ऑपरेशन केलं, त्यात नाकाचा दांडाच खराब झाला आणि चेहरा बदलला, हे तिने स्वतः २०२१ मधे लिहिलं. तोपर्यंत इतकी वर्षं लोक खुशाल हसत होते. श्रुती हासनने २०२० मधे सरळ लिहिलं की हो, मी सर्जरी केली आहे, मला लाज नाही. मला फार आवडलं ते, पण सगळ्यांनी तसंच करावं अशी जबरदस्ती नाही करू शकत. हिरोंनी केस लावून घेतले ते कोण विचारतं?

माझ्या मते फरक एकाच ठिकाणी पडतो. चेहरा तुझा, सांग नाहीतर नको सांगूस. पण तोच चेहरा दाखवून मला क्रीम विकत असशील तर मग खरं बोललंच पाहिजे. आपल्याकडे २०२२ चे नियम आहेत, जाहिरात करणाऱ्याचं मत खरं आणि अनुभवाचं हवं, दिशाभूल झाली तर १० लाखांपर्यंत दंड, परत केलं तर ५० लाख. फ्रान्समधे २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचं अंग बारीक किंवा जाड केलं असेल तर फोटोवर तसं लिहावं लागतं (केस आणि कातडी मात्र त्यात धरत नाहीत, म्हणजे सुरकुत्या पुसायला मोकळे). नॉर्वेत २०२२ पासून इन्फ्लुएन्सरना पण तेच. आपल्याकडे फोटोवर लिहिण्याचा असा काही नियम नाही आणि तो व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

ओटीतली ताई
मी २२ वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधे, नर्स आहे, त्यातली बरीच प्लास्टिक सर्जनबरोबर. आधी एक, सर्जरी म्हणजे काही पाप नाही हो. भाजलेल्या बायकांची मान छातीला चिकटलेली असते, ती सुटून मान वर झाली की पहिल्यांदा छताकडे बघतात त्या, ते मी बघितलंय. आणि ही विद्या आपल्याकडचीच. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याला पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवून दिलं, ते १७९४ मधे लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलं आणि तिथल्या डॉक्टरांनी त्यावरून शिकून घेतलं. कावसजीने लपवलं असतं तर कुणाला कळलं असतं?

आता फिलरचं. ताई, मुलीला नुसतं नाही म्हणू नका, ती गुपचूप पार्लरमधे जाईल, मला त्याचीच भीती वाटते. आमच्याकडे एक पोरगी आली होती, पार्लरमधे 'ऑफर' म्हणून ओठात भरून घेतलेलं, वरचा ओठ एका बाजूने पांढरा पडला, मग जाळीसारखा जांभळा. रक्तवाहिनीत गेलं की असं होतं आणि तासांचा प्रश्न असतो. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर असेल तर ते विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते तिथे फ्रीजमधे हवं आणि द्यायला डॉक्टर हवा, पार्लरमधे कुठून येणार? बिनसुईचं फिलर भरायचं पेन म्हणून जे विकतात त्याच्या तर जवळपास पण जाऊ नका.

आणि ते कायमचं नसतं, सहा महिने वर्षभरात उतरतं, परत भरा. म्हणजे तिच्या त्या हिरोइनीने केलं असेल तर पाच वर्षांत किती वेळा टेबलावर झोपली असेल, किती सूज, किती काळंनिळं, ते दिवस फोटोत नसतात. हे तिने सांगितलं असतं तर आपल्या पोरींनी निदान विचार तरी केला असता. म्हणून मला पण राग येतो ताई, तुमचं काही चुकत नाहीये.

कारेलीबागची आई
सगळ्यांचे खूप आभार, डोळ्यात पाणी आलं. रात्री तिला जवळ बसवून वाचून दाखवलं. ओठ पांढरा पडल्याचं ऐकल्यावर गप्प झाली, मग म्हणाली पार्लरमधे नाही जाणार, शप्पथ. खरंतर ॲडव्हान्स देऊन आली होती, हे काल कळलं मला. करायचं मन अजून आहे तिचं, तर शनिवारी एमडी स्किनवाल्या डॉक्टरकडे दोघी जातोय, काय म्हणतात बघू.

झेंडायाचे ते दोन फोटो बराच वेळ बघत होती. दांडियाबाजारवाले काका, तो रीटचिंगचा डेस्क अजून आहे का हो तुमच्याकडे? तिने विचारायला सांगितलंय.

दांडियाबाजार
आहे ना. आरशाला तडा गेलाय, काच शाबूत आहे, बाबांच्या पेन्सिली पण डब्यात आहेत. रविवारी ११ नंतर घेऊन या तिला, उजेड चांगला येतो तेव्हा.